रीस्टार्टने न सुटलेला बिघाड

राऊटर बिघडला की आपण सगळे पहिल्यांदा एकच गोष्ट करतो. स्विच बंद करतो, थोडे थांबतो आणि पुन्हा चालू करतो. नवे कार्ड बसवल्यावर यंत्र सुरूच होईना तर ते कार्ड काढून पाहतो. दोन्ही उपायांमागचे गृहीत एकच आहे, ते म्हणजे दोष याच पेटीत आहे आणि पेटी कोरी झाली की तो जाईल. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेत हे गृहीत खोटे ठरले.

आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटमध्ये राऊटरचे काम 'इम्प' नावाची यंत्रे करत. फ्रिजएवढी ही यंत्रे हनीवेल कंपनीच्या संगणकावर बीबीएन या कंपनीने उभी केली होती. हनीवेलकडून आलेले पहिले नमुना-यंत्र चालेना, कारण आतल्या तारांची जोडणीच चुकलेली होती. बेन बार्कर या तरुण अभियंत्याने एकेक तार तपासून ते दुरुस्त केले. ऑगस्ट १९६९ च्या अखेरीस पहिला इम्प लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पोहोचला. यंत्र एकटे होते तोवर दोष शोधणे कष्टाचे असले तरी सरळ होते. यंत्रे एकमेकांचे ऐकू लागल्यावर मात्र प्रश्न बदलला.

१९७९ मध्ये अर्पानेटमध्ये मार्ग ठरवण्याची नवी पद्धत आली. प्रत्येक इम्प आपल्या जोडण्यांची स्थिती सांगणारा निरोप सर्वांना पाठवी. निरोप नवा की जुना, हे त्यावरच्या अनुक्रमांकावरून ठरे. हे आकडे ० ते ६३ एवढेच होते आणि घड्याळासारखे गोल फिरत. चक्रात जो आकडा पुढे असेल तो निरोप नवा, असा नियम होता.

त्या दिवशी ५० क्रमांकाच्या इम्पच्या नावाने तीन निरोप फिरू लागले. त्यांचे क्रमांक होते ४४, ४० आणि ८. द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक बिट गळला की १०१००० म्हणजे ४० होतात, आणखी एक गळला की ००१००० म्हणजे ८. शेजारशेजारच्या दोन इम्पांमध्ये हार्डवेअर बिघडले होते आणि बिट गळत होते. तारेवरून जाणाऱ्या निरोपाची तपासणी होत असे, पण यंत्राच्या स्मृतीत पडलेल्या निरोपाची नाही. म्हणून ही चूक पकडली गेली नाही.

आता नियम लावून पाहा. ४० पेक्षा ४४ नवा, ८ पेक्षा ४० नवा आणि चक्र फिरल्यामुळे ४४ पेक्षा ८ नवा! तिघेही एकमेकांहून नवे ठरल्याने प्रत्येक इम्प ते आळीपाळीने स्वीकारत आणि पुढे ढकलत राहिला. अशा निरोपांना सर्वांत आधी वाट मिळे, त्यामुळे बाकीची कामे खोळंबली. जुने निरोप मरावेत म्हणून त्यांना वयाची मर्यादा होती, पण ते इतक्या भराभर फिरत की त्यांचे वय वाढतच नव्हते. जाळे काही तास निकामी झाले.

रीस्टार्टचा उपयोग का झाला नसता? रीस्टार्ट झालेला इम्प सगळे विसरतो आणि शेजाऱ्यांकडून माहिती घेतो. शेजाऱ्यांकडे तेच तीन निरोप फिरत होते, म्हणजे कोऱ्या पाटीवर पुन्हा तेच लिहिले गेले असते. सगळे जाळे एकाच वेळी बंद केले तरच हा उपाय लागू पडला असता. शेवटी अभियंत्यांनी एकेका इम्पच्या प्रोग्रॅममध्ये तात्पुरती सूचना घातली: ५० क्रमांकाच्या नावाने येणारे निरोप मानू नका. मग जाळे मोकळे झाले.

बीबीएनच्या एरिक रोझन यांनी १९८१ मध्ये ही हकीकत सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. चूक लपवली नाही, म्हणून इतरांना शिकता आले. १९८३ मध्ये रेडिया पर्लमन यांनी अशा बिघाडातून जाळे आपोआप सावरेल अशी पद्धत मांडली. आज मोठ्या संस्थांच्या जाळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ओएसपीएफ पद्धतीत क्रमांक ३२ बिटांचे असतात आणि गोल फिरत नाहीत. निरोपाचे वय एका तासात संपते आणि स्मृतीतल्या निरोपाचीही तपासणी होते.

अफवा पसरते ती अशीच. मूळ चूक एका ठिकाणची असते, ती पुढे नेणारे सगळे आपापल्या परीने नियमानेच वागत असतात. "शेजाऱ्याने सांगितले, नवीन आहे" एवढेच त्यांना पुरेसे वाटते. नवे म्हणजे खरे नव्हे, हे यंत्रांना शिकवायला एक बंद पडलेले जाळे लागले. आपल्या फोनवर आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी तो कुठून निघाला हे विचारायला तेवढी किंमत मोजावी लागू नये.