काम काय करता, आक्का?

तुम्ही निपाणीत उतरता तेव्हा 1981 सालचा मार्च चालू आहे आणि पुणे-बंगळूर महामार्गावर एकही ट्रक हलत नाही. तंबाखूला भाव हवा म्हणून शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेवर शेतकरी बैलगाड्या घेऊन रस्त्यात बसले आहेत. एप्रिलमध्ये इथं गोळीबार होणार, माणसं जाणार. हे त्यांना ठाऊक नाही. तुम्हाला आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. पण तुमच्या हातात फक्त डॉक्टरची बॅग आहे. उन्हानं भोवळ आलेल्या म्हाताऱ्याला सावलीत घ्यायचं, मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटानं पाजायचं, एवढंच तुम्हाला करता येतं आणि तेवढं तुम्ही करता.

संध्याकाळी वखारीच्या गल्लीतला तुमचा दवाखाना उघडतो. बाकावर बायका दाटीनं बसल्या आहेत. त्यांच्या पदरांतून तंबाखूचा भुगा झडतो आणि तुम्हालाच पहिली शिंक येते. पुढं आलेली बाई चाळिशीची असेल, पण साठीची दिसते.

"खोकला काय सरना झालाय डॉक्टर. रातीला डोळा लागू देत न्हाई."

तुमचा हात सवयीनं खोकल्याचं औषध लिहायला निघतो. तो थांबवा. आधी विचारा, "काम काय करता, आक्का?"

"वखारीत चाळायला जातो न्हवं. धा वरसं झाली."

आता तिची छाती ऐकताना तुम्हाला कळतं, आपण काय ऐकतोय ते. जाडाभरडा तंबाखू चाळायचा, काडी वेगळी करायची. दारं बंद, कारण वाऱ्यानं माल उडतो. दिवसभर धूळ नाकातोंडात. हा निव्वळ धुळीचा दमा असेल, नाहीतर क्षय असेल, किंवा दोन्ही. तुम्ही थुंकी तपासायला पाठवता आणि तोंडाला ओलं फडकं बांधायला सांगता. फडक्यानं फार काही होणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. खरं औषध मालकाच्या हातात आहे: खिडकी, पंखा, पगारी रजा. त्यासाठी याच बायका चिकोडी तालुका कामगार महासंघात एकत्र येत आहेत. पुढच्या वर्षी, 1982 मध्ये, युगांतर या चित्रपट गटाचा त्यांच्यावरचा माहितीपट येईल, त्यांच्याच तोंडून त्यांचं काम सांगणारा. वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो दाखवावा असं मला फार वाटतं.

तुम्ही विचारलेला प्रश्न मात्र जुना आहे. तो ऐकायला 1700 सालात, इटलीतल्या मोदेना गावात चला. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य कारागिरांच्या आजारांवरचं पुस्तक छापून घेतोय. हिप्पोक्रेटसच्या काळापासून वैद्य रोग्याला जे विचारत आले त्यात आणखी एक प्रश्न घाला, असं तो बजावतो: तुमचा धंदा कोणता? तो बिगाऱ्यांच्या खोपटात जाऊन बसतो, मैल्याचा हौद उपसणाऱ्याशी बोलतो. तंबाखू दळणाऱ्यांवर त्यानं वेगळं प्रकरण लिहिलंय. डोकेदुखी, भोवळ, मळमळ, न थांबणाऱ्या शिंका. जातं ओढणारे घोडेसुद्धा मान झटकतात, खोकतात, हेही त्यानं टिपलंय. तुमच्या बाकावरच्या बाईचं दुखणं निपाणीत तंबाखूची पहिली वखार उभी राहण्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेलं होतं. तरी ते तिच्यापर्यंत पोचलं नाही, याची चीड आली तर येऊ द्या.

परत येताना 1935 मध्ये थांबा. आता तुम्ही एल.सी.पी.एस. म्हणजे लायसेन्शिएट डॉक्टर आहात, पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलमधून आलेले. रुग्ण आपापली बाटली घेऊन येतो, कंपाउंडर त्यात मिक्स्चर भरतो आणि डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवतो. सुगी झाली की शेंगा, गूळ, जोंधळा घरपोच येतो. ती तुमची फी. पेनिसिलिन अजून बाजारात नाही. न्यूमोनियाचा पोरगा असला की त्याच्या उशाशी रात्र काढायची, कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, ताप उतरायची वाट बघायची. औषध नसल्यामुळं बसून राहणं हीच विद्या होती, आणि ती तुम्हाला चांगली येत होती. हाताबाहेरचं असलं की "मिरजेला न्या" म्हणायचं. तिथं 1894 मध्ये उघडलेलं वॉन्लेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल आहे.

1946 मध्ये देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल येतो. देशात 47 हजारांच्या आसपास डॉक्टर, त्यांतले जवळजवळ 30 हजार तुमच्यासारखे लायसेन्शिएट, बहुतेक शहरांत. समिती म्हणते, ही दुहेरी पद्धत बंद करा, सगळ्यांना एकच पदवी द्या, आणि त्या डॉक्टरला समाजाचं आरोग्यही शिकवा. पहिलं झालं. दुसरं कागदावर झालं. नव्या पदवीनं विज्ञान पक्कं केलं, पण खेड्याकडं जाणारी ती जुनी वाट मोडली.

1 नोव्हेंबर 1956 ची सकाळ. रस्ता तोच, बैल तेच, पण निपाणीसह बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला आहे. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. 1967 मध्ये महाजन आयोग निपाणी महाराष्ट्राला द्या म्हणेल, ते होणार नाही. 2004 मध्ये महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात जाईल. डॉक्टर म्हणून तुम्हाला यातलं रोजचं काय लागतं? मराठी बाईमागून कन्नड शेतकरी आत येतो आणि तुम्ही विचारता, "एन केलसा माडतीरी?" प्रश्न तोच. गावाला लागून असलेल्या अर्जुननगरात देवचंद कॉलेज उभं राहतं. जमीन महाराष्ट्रातल्या कागल तालुक्याची, पोरं निपाणीची.

1962 मध्ये मिरजेला आणि 1963 मध्ये बेळगावला मेडिकल कॉलेजं निघतात. मिरजेचं सरकारी, बेळगावचं के.एल.ई.चं जवाहरलाल नेहरू. आता या भागातला मुलगा घरापासून दूर न जाता डॉक्टर होऊ शकतो. त्याच सुमारास क्षयाचे उपचार पालटतात. मद्रासच्या क्षयोपचार केंद्रानं 1959 मध्ये दाखवून दिलंय की सॅनेटोरियममध्ये न ठेवता घरी औषध घेऊनही रोगी तितकाच बरा होतो. म्हणजे जबाबदारी पुन्हा गल्लीतल्या डॉक्टरवर. खोकला दोन महिन्यांत थांबतो, गोळ्या मात्र वर्षभर घ्यायच्या. बाई मधेच येईनाशी होते. चिडू नका, तिच्या वखारीच्या वाटेवर जाऊन उभे राहा. मुकादम एक दिवसाची मजुरी कापतो म्हणून ती सकाळी येत नाही, हे तिथं कळतं. मग दवाखाना रात्री नऊपर्यंत उघडा ठेवायचा.

पुढं पानं भराभर उलटा. बेळगावच्या कॉलेजातून तुमच्या मागून शिकलेले हृदयाचे, मेंदूचे, गुडघ्याचे तज्ज्ञ होतात. ते हवेच आहेत. पण पहिल्या पायरीवर थांबणाऱ्याला "नुसता एम.बी.बी.एस." म्हणायची जी रीत पडली, ती मला मान्य नाही. तीन पिढ्यांची छाती ज्यानं ऐकली त्याच्याइतकं त्या घराचं कुणाला माहीत असतं?

2021 मध्ये सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर कोरोना नसल्याचा दाखला मागितला जातो आणि चाळीसेक किलोमीटरवरचं कोल्हापूर अचानक परदेश होतं. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकार महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करतं. कर्नाटक हरकत घेतं. दोन सरकारांचे सूर वर चढत असताना तुमच्या समोर एक तरुण मुलगी बसली आहे. तिच्या आईला धाप लागते, पायांना सूज आहे, हृदयाची तपासणी करावी लागेल. आई वीस वर्षं वखारीत होती.

"बेळगावला न्यू का कोल्हापूरला, डॉक्टर?"

दोन्हीकडं चांगले डॉक्टर आहेत. तुम्ही चिठ्ठीवर आईचं वय लिहिता, रक्तदाब लिहिता, त्याखाली तंबाखूच्या वखारीतली वर्षं लिहिता. मग पेन टेबलावर ठेवून विचारता, "राहायला, डबा द्यायला जवळचं कोण कुठं आहे?"

"आत्या हाय, कोल्हापुरात. शाहूपुरीत."

तुम्ही चिठ्ठीवर कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयाचं नाव लिहिता आणि आत्याचा फोन नंबर मागून घेता.