मा रेवा आणि जुना धुळे जिल्हा

इंडियन ओशन या बँडवर जीव टाकणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. त्यातलाच मीही एक, हे आधीच सांगून टाकतो. पण आज त्यांच्या संगीताचं रसग्रहण वगैरे करायचं नाहीये (ते करायला माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत). लिहायचंय ते त्यांच्या एका गाण्याबद्दल आणि आपल्या खानदेशाशी असलेल्या त्याच्या नात्याबद्दल. तेव्हा जळगाव-धुळ्याच्या नातेवाईकांनी तरी 'हे काय पोरांचं धांगडधिंगा' म्हणून पान उलटू नये!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुश्मित सेन गिटार वाजवायचा आणि असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचा. दिल्लीत १९८४ पासून दोघं एकत्र वाजवू लागले. 'इंडियन ओशन' हे नाव १९९० मधलं. १९९१ मध्ये राहुल राम आला, १९९४ मध्ये ड्रम्सवर अमित किलम. पहिला अल्बम १९९३ चा. दुसरा, 'डेझर्ट रेन', हे १९९७ साली सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण. आणि मग २००० साली आली ती 'कंदिसा'. या एका कॅसेटमध्ये केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना आहे, गोरख पांडेंचं भोजपुरी 'हिल्ले ले' आहे आणि नर्मदेचं 'मा रेवा' आहे. कॉलेजच्या पोरांना अरामीही कळत नव्हती आणि भोजपुरीही. तरी सगळी पाठ!

आता मुद्द्याकडे येतो. 'मा रेवा' दिल्लीत तयार झालेलं नाही. राहुल राम हा अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर डॉक्टरेट करून परत आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम करू लागला. नव्वदीच्या सुरुवातीची काही वर्षं तो एकीकडे खोऱ्यात आणि दुसरीकडे बँडमध्ये होता. हे लोकगीत त्याने तिथून उचललं. भाषा निमाडी वळणाची, अहिराणी कानाला फारशी परकी न वाटणारी. आईच्या वाहत्या, स्वच्छ पाण्याचं कौतुक, बस. त्यात घोषणा नाही, धरणाचा उल्लेखही नाही.

त्या काळात नर्मदेचा महाराष्ट्रातला सगळा काठ कोणत्या जिल्ह्यात होता? धुळ्यात! आजच्या मुलांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि अक्राणी (धडगाव), अक्कलकुवा हे तालुके तिकडे गेले. तोवर सातपुड्यापलीकडची मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण ही सगळी गावं सरकारदरबारी 'जिल्हा धुळे'. महाराष्ट्रातली तेहतीस आदिवासी गावं सरदार सरोवराच्या बुडिताखाली येणार होती, आणि त्यांचा जिल्हाधिकारी धुळ्याला बसायचा.

आपण मात्र तापीकाठची माणसं. आपली नदी प्रकाशाला, मुडावदला भेटणारी. नर्मदा म्हणजे परिक्रमावाल्यांची नदी, शूलपाणीच्या झाडीतली, 'नर्मदे हर' म्हणून दुरून हात जोडायची. जळगावहून मुंबईला एका रात्रीत पोचतो माणूस, पण सातपुडा ओलांडून मणिबेलीला किती जण गेले असतील? वर्तमानपत्रात मोर्च्यांच्या बातम्या यायच्या. मोठी माणसं त्यावर दोन वाक्यं बोलायची, एक मेधाताईंच्या बाजूने आणि एक विरुद्ध, आणि मग कापसाच्या भावाकडे वळायची.

आणि तिकडे काय चाललं होतं? लवादाचा निवाडा १९७९ चा, त्यात जमिनीच्या बदल्यात जमीन, कुटुंबाला किमान दोन हेक्टर, असं लिहिलेलं. जागतिक बँकेचं कर्ज १९८५ चं. तिच्याच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसन नीट होत नसल्याचं सांगितलं आणि १९९३ च्या मार्चमध्ये उरलेलं कर्ज थांबलं. त्याच वर्षी पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. नोव्हेंबरमध्ये चिंचखेडीला पोलिसांच्या गोळीबारात रेमल पुन्या वसावे हा १५ वर्षांचा मुलगा गेला. हेही धुळे जिल्ह्यातच. याच दिवसांत आंदोलनाने चिमलखेडी, निमगव्हाणला जीवनशाळा सुरू केल्या, मुलांना त्यांच्या बोलीतून शिकवणाऱ्या. इकडे बुडणार म्हणून सांगितलेलं गाव, तिकडे त्याच गावात अक्षरं गिरवणारी पोरं... हे गाणं दिल्लीला गेलं ते अशा खोऱ्यातून.

पुढचा योगायोग बघा. 'कंदिसा' आली २००० साली. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली. म्हणजे खटला हरला त्याच वर्षी गाणं घराघरात पोचलं. मुंबई-पुण्याच्या कॉलेज फेस्टिव्हलांत हजारो मुलं 'मा रेवा'च्या ठेक्यावर टाळ्या वाजवू लागली. त्यातल्या किती जणांना रेवा म्हणजे कोण हे ठाऊक होतं, देव जाणे.

कार्यकर्त्या मित्रांना याचा राग येतो. 'तुम्ही नाचता, तिकडे घरं बुडतात' असं एकाने मला तोंडावर ऐकवलंय. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण मला वाटतं, लोकगीताचा प्रवास असाच होतो. श्रावणात कानबाईची गाणी म्हणणाऱ्या आपल्या आत्या-मावश्यांना ती कोणी रचली हे कुठे माहीत असतं? गाणं आधी गळ्यात बसतं, अर्थ मागाहून येतो. कधी वीस वर्षांनी येतो. पण गळ्यातच नसेल तर येणार कुठून?

या बँडवरचं लोकांचं प्रेम टिकलं ते मला यामुळेच समजतं. 'ब्लॅक फ्रायडे'तल्या 'बंदे'ने त्यांना देशभर नाव दिलं. मग २५ डिसेंबर २००९ ला असीमदा गेले. तेव्हा अनेकांना वाटलं, संपलं आता. २०१३ मध्ये सुश्मितही बाहेर पडला. पण हिमांशू जोशी, तुहीन चक्रवर्ती, निखिल राव आले आणि २०२३ मध्ये 'तू है' हा अल्बमही आला. तिकडे इंग्लंडात फेअरपोर्ट कन्व्हेन्शन नावाचा १९६७ चा लोकगीत-रॉकवाला बँड आहे. त्यातली माणसं कितीदा बदलली, तरी चाहते वर्षानुवर्षं ऑगस्टमध्ये क्रॉप्रेडी गावच्या शेतात जमत राहिले. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. तमाशाच्या फडाचा मालक जातो, सोंगाड्या बदलतो, पण जत्रेतला माणूस फडाच्या नावावर तिकीट काढतो. तो नुसता कलाकाराला भेटायला जात नाही, आपल्या ओळखीच्या गाण्याला भेटायला जातो.

फक्त 'मा रेवा'च्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. गाणं जिचं कौतुक करतं ती नदी तिथे आता तशी वाहत नाही. धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली, १७ सप्टेंबर २०१७ ला लोकार्पण झालं आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ केव्हाच पाण्याखाली गेलं. कित्येक कुटुंबं तळोद्याच्या बाजूला सपाटीवर वसवली गेली. ज्यांच्या अंगणापुढून नदी जायची त्यांच्या अंगणात हातपंप आला. वाहत्या पाण्याचा आवाज आता गाण्यातच उरलाय.

गाण्याने धरण थांबलं नाही, आणि चाहत्यांच्या प्रेमाने एकही एकर जमीन कोणाला मिळाली नाही. हे मान्य करायलाच हवं. पण धुळ्याच्या नकाशावरून नर्मदा पुसली गेली, शाळेच्या भूगोलातून त्या गावांची नावं गेली, आणि तरी हैदराबादेत नाहीतर बंगलोरला कुठलासा पोरगा 'मा रेवा' गुणगुणतो. मला त्याचा राग येत नाही. तो आपल्याच जिल्ह्याच्या हरवलेल्या काठाचं काहीतरी सांभाळतोय, त्याला पत्ता नसला तरी.

पत्ता सांगायचं काम मात्र आपलं, खानदेशातल्यांचं. भाचरं-पुतण्यांपैकी कोणी हे गाणं लावलंच, तर आवाज कमी करायला सांगू नका. जवळ बसा आणि सांगा, की बाबा, ही नदी एकेकाळी आपल्या धुळे जिल्ह्यातून वाहत होती. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण... चार नावं तरी सांगा. गाणं त्याला पाठ आहेच.