वेदनेला नाव मिळाले तेव्हा

सातपुड्याच्या पाड्यांतून एक दुखणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कालपर्यंत खेळणारे पोर एकाएकी हातपाय धरून विव्हळू लागते, त्याचे डोळे पिवळसर दिसतात. काही दिवसांनी वेदना ओसरते आणि काही काळाने पुन्हा परतते. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळणारा हा आजार म्हणजे सिकलसेल. त्याचा इतिहास सांगताना आम्हांला केवळ वैद्यकाची प्रगती सांगायची नाही. आयुष्यभर सोबत करणाऱ्या दुखण्यापुढे माणसे कशी वागतात, हेही त्या इतिहासातून दिसते.

दुखण्याचे कारण कळेनासे झाले की माणूस विचारतो, 'हे कोणी केले?' सातपुड्यात या प्रश्नाचे उत्तर भगताकडे शोधले गेले. घरातील आजारपणाचा दोष एखाद्या बाईवर ठेवून तिला डाकीण ठरवल्याच्या, तिचा छळ झाल्याच्या घटना याच जिल्ह्याने पाहिल्या. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा छळाला गुन्हा ठरवले. ही केवळ आपल्याकडची रीत नव्हे. नायजेरियातील इग्बो लोकांत मुले लागोपाठ दगावली, की तेच मूल आईला छळण्यासाठी पुन्हा पुन्हा जन्मते, अशी समजूत होती. असहाय माणसाला कारणापेक्षा आरोपी लवकर सापडतो.

खरे कारण हळूहळू उलगडले. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी वॉल्टर क्लेमेंट नोएल या ग्रेनाडाच्या विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळल्याची नोंद झाली. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. ज्यांना हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच मिळतो, त्या वाहकांना हिवतापापासून काहीसे संरक्षण लाभते. म्हणजे ज्याला शाप मानले, ते हिवतापाच्या रानांतून तगून राहिलेल्या पूर्वजांचे देणे होते.

परंतु नाव कळले म्हणून मन शांत होतेच असे नाही. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. दोष दोघांकडून सारखाच येतो; बोल मात्र बहुधा एकट्या आईला लागतो. सोयरीक मोडेल या भीतीने तपासणीचा कागद लपवला जातो. झटका ओसरला की 'आता बरे झाले' म्हणून गोळ्या बंद होतात. वेदना डोळ्यांना दिसत नसल्यामुळे रोग्याला कामचुकार म्हटले जाते. ऊसतोडीला गेलेल्या मजुराला तर विसावा कोठला? अतिश्रम, थंडी आणि पाण्याची कमतरता हीच झटक्याला निमंत्रण देतात.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी अमेरिकेत हायड्रॉक्सीयुरिया या औषधाला या आजारासाठी मान्यता मिळाली. त्याने झटके कमी होतात. पण ते नेमाने घ्यावे लागते. बरोबर पंचवीस वर्षांनी, १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. २०४७ पर्यंत उद्दिष्ट गाठायचे आहे. तपासणी सरकार करील. पण रोज गोळी घेण्याचे बळ घरातूनच यावे लागते.

वाचकहो, आपल्याही घरांत मधुमेह आहे, दमा आहे, संधिवात आहे. तेथेही आपण कधी पथ्यावरून टोचतो, कधी दुखणे खोटे मानतो, कधी रोग्याला इतके जपतो की त्याच्या हातचे कामच काढून घेतो. त्याच्या वेदनेवर विश्वास ठेवणे आणि त्याला त्याचे काम करू देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

त्या नोएलने दंतवैद्यकाचे शिक्षण पुरे केले, तो ग्रेनाडाला परतला आणि १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने लोकांचे दात दुरुस्त केले. वैद्यकाच्या इतिहासात तो पहिला रुग्ण म्हणून उरला. त्याच्या गावाला मात्र तो दातांचा डॉक्टर म्हणून ठाऊक होता.