व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर ते डिजिटल प्रतिरूप : नारायणगावच्या तमाशातील ध्वनिवर्धनाचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :
इलेक्ट्रिक गिटारच्या विश्वात जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर श्रेष्ठ की त्याचे डिजिटल प्रतिरूप, हा वाद गेल्या तीन दशकांपासून चालू आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या प्रश्नाचे सर्वांत जवळचे रूप तमाशाच्या रंगमंचावर पाहावयास मिळते. प्रस्तुत शोधनिबंधात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात तमाशातील ध्वनिवर्धनाच्या स्थित्यंतरांचा आढावा घेऊन यंत्राचे प्रतिरूप व वादकाचे प्रतिरूप यांतील भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : तमाशा, नारायणगाव, व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, डिजिटल प्रतिरूपण, हलगी, सुरत्ये.

प्रस्तावना :
पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगाव (ता. जुन्नर) हे गाव ‘तमाशाची पंढरी’ म्हणून ओळखले जाते. चैत्रातील यात्रांचा हंगाम जवळ आला की येथे तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतील तसेच नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतील यात्रा कमिट्यांचे पंच येथे येऊन आपल्या गावच्या यात्रेसाठी फडाला सुपारी देतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने आणि भाऊंच्या कन्या विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांनी या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. विठाबाईंना १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. राज्य शासनाचा तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कारही त्यांच्याच नावाने दिला जातो.

तमाशाच्या अभ्यासात वग, लावणी, कलावंतांचे सामाजिक स्थान यांवर बरेच लेखन झाले आहे. मात्र हजारो प्रेक्षकांपर्यंत तो आवाज पोहोचला कसा, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. वास्तविक ध्वनिवर्धनाचे साधन बदलले की गाण्याची, वादनाची आणि पोट भरण्याची रीतही बदलते.

ध्वनिवर्धकापूर्वीचा फड :
पारंपरिक तमाशात गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग असा क्रम असे. ढोलकी, हलगी, तुणतुणे व झांज ही प्रमुख वाद्ये होत. मुख्य गायकाच्या मागे सुरत्ये उभे राहत. ओळीचा शेवट उचलून तो वरच्या पट्टीत लांबविणे हे त्यांचे काम. या लांबविलेल्या सुरामुळे मुख्य गायकास श्वास घेण्यास अवसर मिळे आणि सूर मैदानाच्या कडेपर्यंत जाई. पल्लेदार आवाज हा गायकाचा पहिला गुण मानला जाई, तो याच कारणाने. हलगीचा कडकडाट व ढोलकीच्या चाटेवरील तीक्ष्ण बोल उघड्या मैदानात दूरवर ऐकू जातात. अर्थात, यंत्र येण्यापूर्वी ध्वनिवर्धनाचे काम माणसेच करीत होती आणि त्या कामाला फडात निश्चित स्थान व वाटा होता.

व्हॉल्व्हचे आगमन :
अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन अग्रे असलेली निर्वात नलिका तयार केली. नलिकेतील तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात व धन पट्टिकेकडे जातात. दोहोंमधील जाळीवर क्षीण विद्युतसंदेश दिला असता तो या मोठ्या प्रवाहावर नियंत्रण ठेवतो. दुबळ्या संदेशाचा सबळ संदेश होतो तो अशा रीतीने. बोलीभाषेत या नलिकेस ‘व्हॉल्व्ह’ असे नाव पडले. भारतात मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ने काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविले. पुढे ‘अहुजा’ हे नाव तर भोंग्याशी जवळजवळ समानार्थी झाले.

स्वातंत्र्योत्तर पहिल्या दोन दशकांत गावोगावी पोहोचलेली ध्वनिवर्धक यंत्रणा प्रामुख्याने व्हॉल्व्हची होती. यंत्र तापण्यास वेळ लागे, ते वजनाने जड असे व प्रवासातील धक्क्यांनी त्याच्या काचेच्या नलिका निकामी होत. रोज नवे गाव गाठणाऱ्या फडाच्या दृष्टीने ही गैरसोय लहान नव्हती.

तथापि व्हॉल्व्हचा एक गुण पुढे फार मोलाचा ठरला. क्षमतेपेक्षा अधिक संदेश दिला असता व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आवाज एकदम कापत नाही. तो हळूहळू दाबतो. आवाजाचे टोक बोथट होते, मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात व कानाला तो आवाज भरल्यासारखा वाटतो. शास्त्रीय दृष्ट्या हा दोष आहे. परंतु गिटारवादकांनी या दोषालाच वाद्याचा गुण मानले आणि फेंडर, व्हॉक्स, मार्शल या कंपन्यांच्या ॲम्प्लिफायरांना त्यामुळेच स्वतंत्र ओळख मिळाली.

तमाशात या ॲम्प्लिफायरला भोंग्याची जोड होती. भोंगा खर्जाचे स्वर फारसे वाहून नेत नाही. मानवी आवाजाचा मध्यम पट्टा मात्र तो दूरवर फेकतो. त्यामुळे ढोलकीची धुम मागे पडून चाट पुढे येते आणि निवेदकाचा शब्द स्पष्ट राहतो. यात्रेतील तमाशाचा म्हणून जो आवाज जुन्या प्रेक्षकांच्या कानात बसला, तो गळा, व्हॉल्व्ह आणि भोंगा या तिघांचा मिळून झालेला होता.

ट्रान्झिस्टर आणि बेंजो :
१९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. पुढील काळात हलके, स्वस्त व कमी वीज खाणारे ॲम्प्लिफायर बाजारात आले. बॅटरी किंवा लहान जनित्रावर चालणारे हे यंत्र फिरत्या कलावंतांस सोयीचे होते. परंतु क्षमता ओलांडताच ट्रान्झिस्टर आवाज अचानक कापतो व तो कर्कश होतो. रसेल हॅम यांनी १९७३ मध्ये ध्वनि-अभियांत्रिकीच्या नियतकालिकात व्हॉल्व्ह व ट्रान्झिस्टर यांतील श्राव्य फरकाची चर्चा केली, ती याच अति-भाराच्या अवस्थेबाबत होती.

महाराष्ट्रातील वराती व मिरवणुकांत रुळलेला ‘बेंजो’ येथे विचारात घेणे आवश्यक ठरते. जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये तयार झालेल्या ‘तैशोगोतो’ या तंतुवाद्याचा हा भारतीय अवतार, बुलबुलतरंग. त्याला विद्युतग्राहक बसवून ॲम्प्लिफायर व भोंग्यातून वाजविले की त्याची जात इलेक्ट्रिक गिटारचीच होते. बेंजो पार्टीचा चिरका, भेदक स्वर यंत्राच्या मर्यादेतून घडलेला आहे, आणि ऐकणाऱ्यांना तो तसाच हवा असतो.

खोडदचा दाखला :
नारायणगावपासून जवळच असलेल्या खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. अवकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओसंदेश येथे वर्धित करून त्यांचे अंकांत रूपांतर केले जाते. या कामात ॲम्प्लिफायरने स्वतःचे काहीही मिसळू नये, हाच आदर्श असतो. गोंगाट मिसळला तर ज्ञान बिघडते. याउलट फडाच्या भोंग्यात किंवा गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये यंत्राने मिसळलेला रंग हाच स्वराचा भाग होतो. एकाच तालुक्यात, अगदी शेजारी नांदणारे ध्वनिवर्धनाचे हे दोन आदर्श ध्यानात घेतले, तर ‘चांगला ॲम्प्लिफायर कोणता’ या प्रश्नाला एकच उत्तर का नाही, हे समजते.

डिजिटल प्रतिरूपण :
रोलँड कंपनीने १९९५ मध्ये व्हीजी-८ हे यंत्र आणले. लाइन ६ कंपनीच्या पॉड (१९९८) या लहानशा यंत्राने ही कल्पना सर्वसामान्य वादकापर्यंत नेली. त्यानंतर फ्रॅक्टल ऑडिओचे ॲक्स-एफएक्स (२००६) व केंपर प्रोफाइलर (२०११) यांनी त्यात अचूकता आणली. अलीकडे न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने प्रत्यक्ष ॲम्प्लिफायरचे वर्तन शिकून घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. या सर्वांमागील तत्त्व असे : येणाऱ्या स्वराचे सेकंदाला हजारो नमुने घेऊन त्यांचे अंक करावयाचे, व्हॉल्व्ह जसा दाबतो तशी गणिती प्रक्रिया त्यांवर करावयाची व पुन्हा त्यांचा ध्वनी बनवावयाचा.

तुलना करता पुढील गोष्टी दिसून येतात. ध्वनिमुद्रणात उत्तम प्रतिरूप व मूळ यंत्र यांतील फरक ओळखणे जाणकारांसही कठीण जाते. प्रतिरूप हलके असते, रोज सारखेच वाजते आणि कमी आवाजातही भरलेला स्वर देते. मूळ यंत्राला त्यासाठी जोराने चालवावे लागते. मूळ यंत्रापुढे उभ्या असलेल्या वादकाला मात्र स्पीकरचा हवेतील दाब अंगावर जाणवतो, तारा त्या दाबाने पुन्हा थरथरतात व बोटांचा जोर बदलताच यंत्रही बदलते. शिवाय प्रतिरूप हे एका विशिष्ट यंत्राच्या विशिष्ट अवस्थेचे असते. जुना होत जाणारा व्हॉल्व्ह, गावातील वर-खाली होणारा वीजदाब यांचा इतिहास त्यात आपोआप उतरत नाही. तरीही वाजविणारा माणूस दोन्हीकडे तोच राहतो, ही बाब सर्वांत महत्त्वाची होय.

वादकाचे प्रतिरूप :
तमाशाच्या रंगमंचावर डिजिटल तंत्र आले ते मुख्यतः कीबोर्ड व ऑक्टोपॅड या रूपाने. रोलँडचे पहिले ऑक्टोपॅड १९८५ मधील. चित्रपटगीतांची मागणी वाढली, तसे फडांना वाद्यवृंदाचा भास निर्माण करणारी ही साधने आवश्यक वाटू लागली. येथे मात्र प्रतिरूपणाचे स्वरूप बदलते. गिटारच्या प्रतिरूपकात यंत्राची नक्कल होते; पॅडमध्ये साठविलेल्या हलगीच्या ठोक्यात वादकाची नक्कल होते. विस्तवावर कातडे शेकून हलगी ताणणे, थापेचा व काडीचा तोल सांभाळणे, नाचणारीच्या पावलाकडे पाहून लय चढविणे ही सारी कला प्रामुख्याने मातंग समाजातील वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. ठोका यंत्रात साठविला जाऊ शकतो, पण पावलाकडे पाहणारी नजर त्यात साठविता येत नाही. ज्या समाजाच्या हातून हा ठोका घडला, त्याच्या वाट्याचे कामही या साठवणुकीमुळे कमी होऊ शकते. सुरत्यांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. मायकमुळे सूर दूर नेण्याची त्यांची जबाबदारी संपली आणि कीबोर्डने सूर धरून ठेवण्याचे कामही घेतले.

कायदा आणि उपजीविका :
ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिवर्धकास बंदी आहे. ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये या नियमांच्या अंमलबजावणीवर भर दिला. रुग्ण, विद्यार्थी व वृद्ध यांच्या दृष्टीने हे नियम आवश्यकच आहेत. परंतु पहाटेपर्यंत रंगणाऱ्या वगाला त्यामुळे वेळेची चौकट पडली. रात्र आखूड झाली की प्रथम वगाला कात्री लागते आणि झटपट रंगणारी गाणी उरतात. २०२० व २०२१ या दोन वर्षांत करोना साथीमुळे यात्राच बंद राहिल्या व फडांचे अर्थकारण कोलमडले. अशा स्थितीत कमी माणसांत अधिक आवाज देणारे यंत्र फडमालकास मोहात पाडते, यात नवल नाही.

निष्कर्ष :
१. ध्वनिवर्धक हा तमाशाचा केवळ वाहक नसून त्याच्या स्वराचा घटक आहे.
२. व्हॉल्व्ह यंत्र व त्याचे डिजिटल प्रतिरूप यांतील अंतर तांत्रिक प्रगतीने बरेच कमी झाले आहे. हलके व कमी आवाजातही गोड वाजणारे प्रतिरूप फिरत्या फडास, तसेच ध्वनिमर्यादा पाळण्यासही उपयुक्त ठरू शकते.
३. यंत्राच्या प्रतिरूपाने कलावंताचे साधन बदलते. वादकाच्या प्रतिरूपाने कलावंताची जागाच जाते. या दोहोंना ‘आधुनिकीकरण’ या एकाच नावाखाली घालणे योग्य नाही.
४. तमाशासाठी शासकीय अनुदान वा पुरस्काराचे निकष ठरविताना फडात प्रत्यक्ष हलगी, ढोलकी, तुणतुणे वाजविणारे व सुरत्ये किती आहेत, याचा विचार व्हावा.
५. जुन्नर व आंबेगाव परिसरातील जुन्या वादकांचे वादन केवळ ठोक्यांच्या नमुन्यांच्या रूपात न साठविता, नर्तकीसह संपूर्ण प्रयोगाच्या रूपात ध्वनिचित्रमुद्रित करणे ही निकडीची गरज आहे. सुटा ठोका कोणत्याही यंत्रात मिळेल. तो कोणासाठी, कोणत्या पावलावर पडला, हे मात्र त्या मुद्रणातूनच पुढच्या पिढीला कळेल.