ओढूनताणून इतिहास

बँकेत 'रिकव्हरी' हा शब्द कानांवर पडला की भलेभले फाइलीत डोके खुपसतात. पण अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावी, १९९५ सालापासून रिकव्हरीचे चक्क म्युझियम आहे! घाबरू नका. थकलेल्या कर्जांचे नव्हे, थकलेल्या मोटारींचे.

तिथेच का? तर १९१६ साली तिथल्या एका गृहस्थांची 'मॉडेल टी' फोर्ड ओढ्यात गेली. (ओढ्यातली म्हणून ओढायची, असे आमचे हेडकॅशियर म्हणतात.) गॅरेजवाले अर्नेस्ट होम्स धावले. पाच-सहा माणसे, दोर, ठोकळे आणि तब्बल आठ तास! एवढ्या वेळात आमच्या शाखेतूनसुद्धा एखादा ड्राफ्ट निघतो. होम्ससाहेबांनी मग १९१३ च्या कॅडिलॅकवर खांब, कप्पी, साखळी चढवून घरगुती यारीच केली.

पण खड्ड्यातले वजन आडवे ओढताना ओढणारी गाडीच कलंडायची. म्हणून त्यांनी पुढे यारीला दोन हात दिले. एकाने गाडी ओढायची, दुसरा पलीकडच्या झाडाला बांधायचा. झाड जामीनदार! असा जामीनदार पत्ता बदलत नाही की सही नाकबूल करत नाही.

१९२५ मध्ये फोर्डने कारखान्यातूनच पिकअप काढला, किंमत २८१ डॉलर. हे वाहन ओढायला मोठे लबाड. वजन पुढे, जोर मागच्या चाकांत. पुढे ऑटोमॅटिक गिअर आले. आता पुढची चाके उचलून ओढत नेले, की मागची गिअरबॉक्स फिरवत राहतात. इंजिन बंद, म्हणून तेलाचा पंपही बंद. गिअरबॉक्सची राख! तेव्हा मागची चाके उचला, नाहीतर शाफ्ट सोडा.

आपली भिस्त दोरावर. दोर ओढतो, थांबवत नाही. त्यात मागच्या गाडीचे इंजिन बंद, ब्रेक दगडासारखा. आपल्या १९८९ च्या नियमांत दोन गाड्यांतले अंतर फार तर ५ मीटर आणि वेग ताशी २४ किलोमीटर होता. हिशेब करा: सेकंदाला साडेसहा मीटरच्या वर! पुढच्याने करकचून ब्रेक दाबला, तर मागच्याला एक सेकंदही मिळत नाही.

चॅटनूगाच्या म्युझियमबाहेर २००६ पासून एक भिंत आहे. दुसऱ्याची गाडी ओढायला गेलेली आणि परत न आलेली माणसे तिच्यावर नावानिशी आहेत. बरीचशी रस्त्याकडेला हूक अडकवत असताना भरधाव गाड्यांखाली सापडलेली. भिंतीवर नवी नावे अजून चढताहेत.