सर्पगंधा

सर्पगंधा : (म. अडकई, मुंगूसवेल, हिं. छोटा चाँद, शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना, कुल – ॲपोसायनेसी). कण्हेर व सदाफुली यांच्या कुलातील लहान, सदाहरित झुडूप. दमट, सावलीच्या जंगलात वाढते. पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलात, फुले पांढरी, त्यांचे देठ लालसर. पिकलेले फळ जांभळट काळे. औषधात मूळ वापरतात. ते अतिशय कडू असते.

सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर हे मूळ भारतात पूर्वापार देत आले. बिहारात त्याला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्मादाबरोबरच वाढलेल्या रक्तदाबावरील त्याच्या गुणाची नोंद प्रसिद्ध केली. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातील एक अल्कलॉइड वेगळे करून, हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला ‘अजमलीन’ हे नाव दिले. तरीही पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष गेले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. पन्नास रुग्णांवरील त्यांचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत रेसर्पिन हे मुख्य द्रव्य हाती लागले आणि काही वर्षे ते जगभर रक्तदाबाचे प्रमुख औषध ठरले. उच्च रक्तदाबावर सांगितल्या जाणाऱ्या वनस्पतींपैकी इतकी भक्कम साक्ष दुसरीची नाही.

रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरॲड्रिनॅलिनचा साठा रिता करते. रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते. मेंदूतील सेरोटोनिन व डोपामीनही त्याच वाटेने घटतात. म्हणून नाक चोंदणे, सुस्ती, जठरव्रण आणि मुख्य म्हणजे नैराश्य हे त्याचे दुष्परिणाम मानले जातात. नैराश्य वा जठरव्रण असलेल्यांना व गर्भवतींना ते वर्ज्य आहे.

नैसर्गिक म्हणून निर्धोक, ही समजूत या मुळापुढे टिकत नाही. रेसर्पिनची रोजची मात्रा ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीत मावणाऱ्या चूर्णाचाही अगदी सूक्ष्म अंश. शिवाय मुळातील अल्कलॉइडांचे प्रमाण जागा, हंगाम व झाडाचे वय यांनुसार बदलते, आणि बाजारात दुसऱ्या जातीच्या मुळांची भेसळ होते. घरच्या चमच्याने ही मात्रा मोजता येत नाही. (खोकल्याच्या काढ्यातला ज्येष्ठमध तर उलट रक्तदाब वाढवतो, हेही येथे नोंदवले पाहिजे.) घरात बिनधोक करता येण्याजोगा उपाय मिठाचा आहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, लोणचे-पापडातले धरून.

मुळासाठी झाड उपटावे लागत असल्याने रानातली सर्पगंधा विरळ झाली. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराचे नियंत्रण आहे. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्याने ती आपल्या मनाने सोडून या मुळाकडे वळू नये. सर्पगंधायुक्त औषध घेत असल्यास ते डॉक्टरांना जरूर सांगावे.