थंब, कार्ड की चेहरा? ऑफिसच्या दाराला यंत्र बसवण्याआधी हे पाहा

तालुक्याच्या गावातली ऑफिसं झपाट्यानं बदलली आहेत. पतसंस्था असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो की दूध संघाची शाखा, काचेचं दार, एसी आणि कॉम्प्युटर आलेच. पाठोपाठ दाराला थंब मशीन येतं. संचालक मंडळाच्या मीटिंगमध्ये विषय निघतो, कोणाच्या तरी ओळखीचा सीसीटीव्हीवाला कोटेशन देतो आणि आठवड्यात यंत्र भिंतीवर लागतं. सहा महिन्यांनी जाऊन पाहावं तर दाराला वीट लावलेली असते आणि यंत्र हजेरीपुरतं उरलेलं असतं.

दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. कोणतं दार, कशासाठी आणि लाइट गेली तर काय, हे खरेदीआधी कोणी विचारलेलंच नसतं.

रात्री कुलूप, दिवसा यंत्र

हजेरीचं यंत्र फक्त आल्या-गेल्याची वेळ लिहून ठेवतं. दाराचं यंत्र, ज्याला विक्रेते ॲक्सेस कंट्रोल म्हणतात, ते माणूस ओळखतं, त्याला या दारातून या वेळेला जायची परवानगी आहे का ते तपासतं, असेल तर कुलूप सोडतं आणि नोंद ठेवतं. काही यंत्रं दोन्ही कामं करतात. पण नुसत्या हजेरीसाठी घेतलेल्या स्वस्त यंत्रात कुलपाची तार जोडायची सोयच नसते. हे कोटेशनवर नीट वाचून घ्यावं.

रस्त्याकडच्या शटरला हे काही लावायच्या भानगडीत पडू नये. रात्रीची राखण शटर, त्याची दोन कुलपं आणि वॉचमन यांचीच. यंत्राचा उपयोग दिवसा, ऑफिस माणसांनी भरलेलं असताना, आतल्या दारांना. पतसंस्थेत सोनेतारणाचे दागिने ठेवायची खोली, कॅशियरच्या मागचं दार आणि ठेवींच्या कोऱ्या पावत्या ज्या खोलीत असतात ती खोली. शेतकरी कंपनीत बियाणं-औषधांचं गोदाम. दहा दारांना स्वस्त यंत्रं बसवण्यापेक्षा अशा दोन दारांना चांगलं बसवलेलं बरं.

कारण या दारांच्या बाबतीत एकच गोष्ट पुढे अडचणीची होते. काही कमी भरलं तर त्या दिवशी आत कोण गेलं होतं? किल्ली खिळ्याला अडकवलेली असेल तर संशय सगळ्यांवर जातो, आणि पहिला जातो तो शिपायावर. यंत्राची नोंद नीट असेल तर ती जशी चोर दाखवते, तशीच निर्दोष माणसाला वाचवतेही. गावात एकदा नाव खराब झालं की ते पुसायला आयुष्य जातं, म्हणून ही बाजू विसरू नये.

लॉकर देणाऱ्या बँकांना रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकानं स्ट्राँगरूममध्ये जाण्या-येण्याचं सीसीटीव्ही चित्रण किमान १८० दिवस जपून ठेवायला सांगितलं आहे. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, हे परिपत्रक त्यांच्यासाठी नाही. पण आपल्या नोंदी किती दिवस ठेवायच्या याचं माप म्हणून ते धरायला हरकत नाही.

अंगठा लागत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे

रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर म्हाताऱ्या माणसांचा अंगठा चार-चार वेळा लावावा लागतो, हे प्रत्येकानं पाहिलं आहे. ऑफिसातही तेच होतं. जो माणूस सकाळी गुरांचं करून, धारा काढून दहाला कामावर येतो, ज्याचे हात खतात, सिमेंटमध्ये, कांद्याच्या चाळीत असतात, त्याच्या बोटाच्या रेषा झिजलेल्या असतात. हिवाळ्यात कातडी फुटली की आणखी त्रास. पोती उचलणाऱ्या हमालांसाठी गोदामाच्या दाराला नुसतं थंब बसवणं म्हणजे रोज सकाळी भांडण विकत घेणं. थंबच घ्यायचं असेल तर प्रत्येकाची दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नोंदवावीत आणि त्याच यंत्रात कार्ड चालेल असं पाहावं.

कार्ड सोपं आणि स्वस्त. पण कार्ड-कार्डात फरक आहे. बाजारात सगळ्यात जास्त चालतं ते १२५ किलोहर्ट्झचं साधं कार्ड. ते फक्त एक नंबर बोलतं आणि त्याची नक्कल करायचं छोटं यंत्र ऑनलाइन सहज मिळतं. किल्लीची डुप्लिकेट काढण्याइतकंच सोपं काम. १३.५६ मेगाहर्ट्झचं कार्ड त्यापेक्षा बरं, पण त्यातलंही मायफेअर क्लासिक नावाचं जुनं कार्ड २००८ सालीच नेदरलँड्समधल्या संशोधकांनी फोडून दाखवलं. दागिन्यांच्या खोलीला कार्ड लावायचंच असेल तर डेसफायर जातीचं मागावं, आणि कार्डाबरोबर पिन नंबरही लागेल अशी सेटिंग करून घ्यावी. नुसतं कार्ड एकमेकांना देता येतं. साहेब जेवायला गेले, कार्ड टेबलावर, मग नोंदीत साहेबच आत गेलेले दिसतात!

चेहरा ओळखणारी यंत्रं आता छोट्या ऑफिसांतही दिसू लागली आहेत. झिजलेल्या बोटांचा प्रश्न त्यात मिटतो. मात्र यंत्रावर मावळतीचं ऊन थेट येत असेल तर संध्याकाळी ते गोंधळतं, तेव्हा जागा सावलीची निवडावी. दुकानदाराकडे पाहतानाच मोबाइलवर स्वतःचा फोटो काढून यंत्रापुढे धरावा. फोटोला दार उघडलं तर ते यंत्र दागिन्यांच्या खोलीला कामाचं नाही.

लाइट गेल्यावर दार उघडं की बंद?

कोटेशनमध्ये यंत्राचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि कुलूप एका ओळीत. खरा निर्णय त्या ओळीत आहे.

काचेच्या दाराला बहुधा चुंबकी कुलूप बसतं, म्हणजे ईएम लॉक. चौकटीला लांबट चुंबक आणि दाराला लोखंडी पट्टी. करंट चालू असेपर्यंत चुंबक पट्टी धरून ठेवतो. ६०० पौंडांचं कुलूप म्हणजे साधारण २७० किलोची ओढ, १२०० पौंडांचं म्हणजे साधारण ५४० किलोची. करंट गेला की ओढ शून्य, दार मोकळं. माणसांची ये-जा असते त्या दाराला हेच योग्य, कारण आग लागली आणि मेन पडलं तर लोक आत अडकत नाहीत.

दागिन्यांच्या खोलीला मात्र उलटं लागतं. तिथं वीज गेली की बाहेरून बंदच राहणारं कुलूप घ्यायचं, आतून साध्या हँडलनं उघडणारं आणि बाहेरून अडचणीच्या वेळी किल्लीनंही उघडणारं. बोल्टच्या कुलपात दोन्ही जाती मिळतात, म्हणून ‘वीज गेल्यावर बंद राहणारं’ असे शब्द बिलावर लिहूनच घ्यावेत. तोंडी सांगितलेलं बसवणाऱ्या पोरापर्यंत पोचत नाही.

आता बॅटरीचा हिशोब. ६०० पौंडांचं चुंबकी कुलूप १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर खातं. यंत्र धरून पाऊण ते एक अँपिअर. सोबत येणारी बॅटरी बहुधा ७ अँपिअर-तासांची असते, म्हणजे कागदावर सात ते नऊ तास. दोन उन्हाळे काढलेली बॅटरी त्याच्या निम्मंही देत नाही. वळवाच्या पावसात तार तुटली, डीपी जळाली तर लाइट यायला किती वेळ लागतो हे गावाकडं कोणाला सांगायला नको. तेवढ्या वेळाची बॅटरी घ्या, किंवा यंत्र ऑफिसच्या इन्व्हर्टरवर टाका, आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायचा खर्च आताच धरा. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर नसेल तर विजेच्या एका कडकडाटात सगळं जातं. पॉवर सप्लायची पेटी घट्ट बंद होणारी असावी. मुंग्या आणि पाली तिथं ऊब बघून मुक्काम करतात.

लाकडी दाराची गोष्ट निराळी. पावसाळ्यात दार फुगतं, पट्टी आणि चुंबकात फट पडते, आणि कागदाएवढ्या फटीनंही ओढ खूप कमी होते. पट्टी आवळून पक्की करू नये. मध्ये रबरी वायसर ठेवून ती थोडी हलती ठेवायची असते, म्हणजे चुंबकाला सपाट बसते. बरेच मिस्त्री ती घट्ट पिळतात आणि मग कुलूप हलकं लागलं म्हणून बोंब होते.

तारा आतल्या बाजूला

स्वस्त जोडणीत सगळं डोकं बाहेरच्या यंत्रातच असतं. दार उघडायच्या तारा त्याच्या पाठीमागे येतात. कोणी यंत्र भिंतीवरून उचकटलं तर त्या तारांशी खेळून दार उघडता येतं, ना अंगठा लागत ना कार्ड. म्हणून महत्त्वाच्या दाराला बाहेर फक्त वाचक आणि कुलूप सोडणारा कंट्रोलर आतल्या खोलीत, अशीच जोडणी मागावी. खर्च थोडा वाढतो.

आतून बाहेर यायला बटण असतंच. त्याशिवाय चुंबकी कुलपाचा करंट थेट तोडणारी हिरवी आपत्कालीन पेटी लावून घ्यावी. यंत्र बिघडलं तरी ती चालते.

नोंद कोणाच्या हातात

बसवून देणारा माणूस घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर किंवा ईमेल टाकून ॲप सुरू करून देतो. पुढं त्याच्याशी बिलावरून वाजलं की संस्थेच्या दाराची किल्ली त्याच्या खिशात! खातं संस्थेच्या ईमेलवर, पासवर्ड चेअरमन आणि सचिव दोघांकडे पाकिटात, आणि कंपनीकडून आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदललेला असावा. नेट गेलं तरी यंत्र स्वतःच निर्णय घेतं का आणि ॲपला वर्षाला पैसे लागतात का, हेही विचारून घ्यावं.

नोकरी सोडलेल्या माणसाचं नाव त्याच संध्याकाळी काढायचं. त्याच्या बोटाची, चेहऱ्याची नोंदही पुसायची. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेच सांगतो की माहिती कामापुरती घ्या आणि काम संपलं की ठेवू नका. ऑफिसच्या दारासाठी आधार क्रमांक लागत नाही. सरकारी कार्यालयांतली आधारला जोडलेली हजेरी ही वेगळी व्यवस्था आहे. कोणी फॉर्मवर आधार नंबर मागितला तर कशासाठी, असं कर्मचाऱ्यानं विचारायला संकोच करू नये.

यंत्राचं घड्याळ मागं-पुढं होतं, ते महिन्याला तपासावं आणि त्याच दिवशी नोंदींची प्रिंट काढून सचिवानं सही करून फाइलला लावावी. दागिन्यांच्या खोलीत दोघांशिवाय जायचं नाही हा जुना नियम यंत्र आलं म्हणून सोडू नये. दोन माणसांची ओळख पटल्यावरच उघडणारी सेटिंग काही यंत्रांत असते, ती चालू करून घ्यावी.

शेवटचा हप्ता देण्याआधी विक्रेत्यासमोर मेन स्विच पाडावा आणि कोणतं दार सुटतं, कोणतं बंद राहतं ते पाहावं. एकाचं कार्ड रद्द करून तेच कार्ड लावावं. हिरवी पेटी दाबावी. मग लाइट सुरू करून आत्ता केलेल्या सगळ्या उघड-झापेची नोंद वेळेसह कागदावर काढून मागावी. ती आली की मगच चेकवर सही करावी.